एकदाच भरलेली जत्रा : इंडियन मास्टर्स, दिल्ली, फेब्रुवारी २००८

लोधीरोडकर

गोल्फवर धागा काढला की पहिल्या पाच प्रतिसादांत 'श्रीमंतांचे चोचले' हे शब्द येतात, हे मला माहीत आहे. तेव्हा ते आलेच असं धरून पुढे जातो.

२००८ साली नोकरीनिमित्त मी दिल्लीत होतो. फेब्रुवारीत आमच्या साहेबांकडे कुठूनसे एका गोल्फ स्पर्धेचे पास आले. त्यांना साडूच्या मुलाच्या लग्नाला मेरठला जायचं होतं, म्हणून पास माझ्या टेबलावर आले. तोवर माझं गोल्फचं ज्ञान म्हणजे टायगर वूड्सचा लाल टीशर्ट. पण लोधी कॉलनीतून दिल्ली गोल्फ क्लब चालत जाण्याजोगा, आणि पास फुकट. न जाण्याचं कारणच नव्हतं.

स्पर्धेचं नाव एम्मार-एमजीएफ इंडियन मास्टर्स. ७ ते १० फेब्रुवारी, दिल्ली गोल्फ क्लब. युरोपियन टूरची, म्हणजे युरोपातल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या मालिकेची, भारतातली पहिली स्पर्धा. एकूण बक्षिसं २५ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने दहा कोटींच्या आसपास. तोपर्यंत भारतात गोल्फवर एवढा पैसा कुणी लावला नव्हता.

गर्दी होती ती दक्षिण आफ्रिकेच्या एर्नी एल्ससाठी. त्याच्या आधीच्याच रविवारी दुबईत टायगरने शेवटच्या फेरीत ६५ मारून त्याच्या तोंडचा घास काढला होता. एल्सचा चेंडू अठराव्या होलला पाण्यात गेला होता. तो दु:खी माणूस आता आपल्याकडे येतोय म्हटल्यावर दिल्लीची सगळी पेज थ्री मंडळी गॉगल लावून हजर. गुरुवारी मीही त्यांच्यात. सहा फूट तीन इंच उंची, आणि स्विंग असा की झोपाळ्यावर बसल्यासारखा. चेंडू मात्र गोळीसारखा.

रविवारी पुन्हा गेलो, आणि त्या दिवशी एल्सला विसरून एका लहानखुऱ्या मुलाच्या मागे चालत राहिलो. शिवशंकर प्रसाद चौरसिया. वय २९. कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये वडील ग्रीनकीपर, म्हणजे हिरवळ राखणारे माळी. पोरगा तिथेच वाढला, लहानपणी कॅडी म्हणून बॅगा उचलल्या, कुणी शिकवायला नसताना बघून बघून शिकला. त्या रविवारी त्याने ६७ मारले. चार दिवसांचे मिळून २७९, पारपेक्षा नऊने कमी. आयर्लंडचा डेमियन मॅकग्रेन दोन फटक्यांनी मागे, दुसरा.

आणि मग ती स्पर्धा पुन्हा कधीच झाली नाही. २००९ च्या वेळापत्रकात तिचं नाव होतं, पण स्पर्धा रद्द झाली. ट्रॉफीवर एकच नाव. हा धागा त्यासाठी. एकदाच झालेल्या स्पर्धेला काही अर्थ असतो का, की ती नुसती जाहिरात असते? मला वाटतं, या एका माणसापुरता तरी अर्थ होता. बाकीच्यांनी आपापलं बोलावं.

चिंचपोकळी फास्ट

श्रीमंतांचे चोचले.

(तुम्ही वाट बघत होतात, म्हणून.)

आता गंभीरपणे. दिल्लीच्या ऐन मध्यात, खान मार्केटपासून हाकेच्या अंतरावर दीड-पावणेदोनशे एकर सरकारी पट्ट्याची जमीन काही हजार सभासदांसाठी. सभासदत्वाची रांग अशी की आजोबांनी अर्ज करावा आणि नातवाने खेळावं. तिथे एक माळ्याचा मुलगा जिंकला की सगळ्यांना भरून येतं. तो एक जिंकला, बाकीचे कॅडी कुठे आहेत, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

मृण्मयी_१७

वाचतेय. एक बाळबोध प्रश्न. नऊने कमी असूनही जिंकला म्हणजे काय? आणि 'होल' म्हणजे ते भोक की अख्खं मैदान?

लोधीरोडकर

@मृण्मयी, प्रश्न बाळबोध नाही, पहिल्या दिवशी मी शेजारच्या सरदारजींना हाच विचारला होता. होल म्हणजे दोन्ही. जिथून पहिला फटका मारायचा त्या टीपासून ते भोकापर्यंतचा सगळा पट्टा. असे अठरा. प्रत्येकाला किती फटके लागावेत हे ठरलेलं असतं, ते पार. लोधी कोर्सचं, म्हणजे क्लबच्या ज्या मैदानावर ही स्पर्धा झाली त्याचं, पार ७२. चार दिवसांचे २८८. चौरसियाला २७९ लागले. जितके कमी तितकं चांगलं.

एक गंमत सांगतो. युरोपियन टूरवर पंधरा-वीसने कमी मारून जिंकणारे चिकार. इथे नऊ पुरले. कारण ते कोर्स. लोक म्हणतात गोल्फ म्हणजे मोकळी हिरवळ. दिल्लीला फेअरवे (टी आणि भोकामधली कापलेल्या गवताची वाट) म्हणजे काटेरी झुडपांमधून काढलेली गल्ली. दोन्ही बाजूंना कीकर. आपली बाभूळच, पण विलायती आणि जास्त दुष्ट. चेंडू आत गेला की खेळाडू आत बघतो, कॅडी आत बघतो, आणि दोघंही मान हलवत बाहेर येतात. मी दोरीच्या बाहेरून चालत होतो तरी स्वेटरचे धागे निघाले. त्यामुळे मोठमोठे युरोपियन लोक ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, बॅगेतच ठेवून आयर्नने, म्हणजे लोखंडी तोंडाच्या आखूड काठीने, पहिला फटका मारत होते. ज्यांची ताकदच लांब मारण्यात, त्यांचे हात बांधलेले. चौरसिया मुळातच लांब मारणारा नाही. त्याचं सगळं कसब ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, आसपास. चिप (जवळून उचलून टाकलेला छोटा फटका) आणि पट (ग्रीनवरून चेंडू भोकाकडे ढकलणं). म्हणून त्याला सहकाऱ्यांनी नाव ठेवलं होतं 'चिपपुट्सिया'.

मध्येच लोधी काळातले मकबरे. खरे, पंधराव्या-सोळाव्या शतकातले. क्लबहाउसच्या शेजारी लाल बंगला हा नंतरचा, मुघल काळातला मकबरा उभा. आणि मोर. कुणी पट मारायला वाकला, सगळे श्वास रोखून उभे, की कुठल्यातरी घुमटावरून 'म्याँऽव'. मार्शल 'क्वाएट प्लीज'ची पाटी धरून मोराकडे हताशपणे बघतोय, हे दृश्य मी विसरणार नाही.

आयपीओग्रस्त

ही स्पर्धा पुन्हा का झाली नाही, ते मी सांगतो, कारण त्याच आठवड्यात माझेही पैसे अडकले होते.

तारखा बघा. स्पर्धा ७ ते १० फेब्रुवारी. प्रायोजक एम्मार-एमजीएफ : दुबईची एम्मार (बुर्ज खलिफावाली) आणि दिल्लीची एमजीएफ, दोघांची भागीदारी. याच कंपनीचा आयपीओ, म्हणजे लोकांना पहिली शेअरविक्री, १ फेब्रुवारीला उघडला होता. शेअरच्या किमतीचा पट्टा ६१० ते ६९० रुपये. सात हजार कोटींच्या आसपास गोळा करायचे होते. पण २१ जानेवारीला सेन्सेक्स एका दिवसात १,४०० अंकांनी आपटला होता, आणि लोकांचे हात भाजलेले. अर्ज येईनात. मग किंमत खाली आणली. मुदत वाढवली. तरी येईनात. आणि ८ फेब्रुवारीला, शुक्रवारी, कंपनीने आयपीओ गुंडाळला.

म्हणजे तिकडे स्पर्धेची दुसरी फेरी चालू, प्रत्येक टीवर कंपनीचे फलक, आणि इकडे बाजारात कंपनीने हात वर केलेले. त्याच्या आदल्याच दिवशी वोक्हार्ट हॉस्पिटल्सनेही आपला इश्यू मागे घेतला होता.

आणि रविवारी १० तारखेला चौरसियाने ट्रॉफी उचलली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रिलायन्स पॉवरचा शेअर बाजारात लिस्ट झाला. ४५० ला दिलेला शेअर दिवसअखेर पावणेचारशेच्याही खाली. आमच्या सोसायटीत त्या सोमवारी संध्याकाळी कुणी कुणाशी बोलत नव्हतं. चार डिमॅट खाती उघडली होती मी. सासूबाईंच्या नावाने पण. बाकी सोडा.

थोडक्यात, २००७-०८ चा बांधकामवाल्यांचा पैसा फुगला होता तेव्हा ही स्पर्धा जन्माला आली. सप्टेंबरात लेहमन ही अमेरिकी बँक बुडाली, सगळ्यांचं कर्ज आटलं, पहिली कात्री लागली ती असल्या खर्चांना. याच कंपनीकडे दिल्लीच्या कॉमनवेल्थ क्रीडाग्रामाचं बांधकाम होतं. २००९ मध्ये तिथले फ्लॅट डीडीएला (दिल्ली विकास प्राधिकरणाला) विकत घ्यावे लागले, तेव्हा कुठे काम पुढे सरकलं. ज्यांना फ्लॅट पुरे करायला पैसे नाहीत ते गोल्फला कुठून देणार?

खवचट काका

एकंदरीत त्या आठवड्यात भारतात पैसे मिळवलेला एकच माणूस, तो म्हणजे चौरसिया.

आयपीओग्रस्त

काका, हसू नका. विजेत्याला एकूण रकमेचा साधारण सहावा हिस्सा मिळतो. चार लाख डॉलरच्या वर. दीड कोटीच्या पुढे. आणि तोही लॉक-इन (ठराविक काळ विकता न येण्याची अट) नसलेला.

सह्याद्रीचा पाहुणा

धागालेखकांच्या भावना समजल्या, पण चौरसियाबद्दल थोडं वास्तव. त्याच्या युरोपियन टूरवरच्या चार विजेतेपदांची यादी : २००८ इंडियन मास्टर्स (दिल्ली), २०११ अवंता मास्टर्स (गुडगाव), २०१६ इंडियन ओपन (दिल्ली), २०१७ इंडियन ओपन (गुडगाव). चारही भारतात! चारही दिल्लीच्या पंचक्रोशीत! याला जागतिक दर्जा म्हणायचं का? घरच्या खेळपट्टीवर आपले फिरकीवालेही ब्रॅडमन गुंडाळतात.

खवचट काका

ब्रॅडमनला गुंडाळायला फिरकीच लागली होती हो, हॉलिसची. असो. देवगडचा हापूस देवगडातच का होतो, म्हणून कुणी त्याला कमी लेखत नाही.

लोधीरोडकर

@सह्याद्रीचा पाहुणा, यादी बरोबर आहे, निष्कर्ष मला पटत नाही.

एक, 'घरची खेळपट्टी' म्हणजे कुणाच्या घरची? तो कोलकात्याचा. रॉयल कलकत्ता हे १८२९ चं, ब्रिटिश बेटांबाहेरचं सगळ्यात जुनं गोल्फ क्लब. सपाट, दमट, जागोजागी तळी. तिथली चूक पाण्यात जाते, दिल्लीची काट्यात. दीड हजार किलोमीटरचं अंतर. देशातल्या स्पर्धा खेळून दिल्ली त्याला पाठ झाली होती हे खरं, पण ती त्याने कमावलेली ओळख होती, जन्माने आलेली नाही.

दोन, त्याच कोर्सवर त्याच आठवड्यात दुसरेही पुष्कळ भारतीय खेळत होते. त्यांनाही तेच घर.

तीन, हे जास्त महत्त्वाचं. २००८ च्या आधी युरोपियन टूरवर स्पर्धा जिंकलेले भारतीय दोनच : अर्जुन अटवाल (२००२, सिंगापूर) आणि जीव मिल्खासिंग (२००६). जीव हा मिल्खासिंगांचा मुलगा, अमेरिकेत कॉलेजात गोल्फ खेळलेला. अटवालही रॉयल कलकत्त्यावरच घडलेला, पण सभासदांच्या बाजूने. चौरसिया तिसरा, आणि बॅग उचलणाऱ्यांच्या बाजूने आलेला पहिला. त्या एका विजयाने त्याला युरोपियन टूरचं कार्ड, म्हणजे तिथे खेळण्याचा हक्क, मिळालं. एरवी त्यासाठी क्वालिफाइंग स्कूल नावाच्या चाळणीतून जावं लागतं. सहा-सहा फेऱ्या, शिवाय परदेशी राहण्याचा खर्च पदरचा. तो खर्च त्याला पेलला असता असं मला वाटत नाही. म्हणजे ही स्पर्धा एकदाच झाली आणि तीच नेमकी त्याला मिळाली.

मॅकग्रेनचंही वाया गेलं नाही. एप्रिलमध्ये त्याने बीजिंगला चायना ओपन नऊ फटक्यांनी जिंकली.

चिंचपोकळी फास्ट

'बॅग उचलणाऱ्यांच्या बाजूने पहिला' हे युरोपियन टूरपुरतं. इंडियन ओपनचं बोलत असाल तर अली शेर. दिल्ली गोल्फ क्लबच्याच कॅडीचा मुलगा. १९९१ मध्ये, तिथेच, इंडियन ओपन जिंकला. इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय प्रोफेशनल. १९९३ ला पुन्हा. त्याआधी १९६५ मध्ये बिल्लू सेठी जिंकले होते, पण ते हौशी.

चोचले म्हटलं तरी आम्ही वाचतो.

मृण्मयी_१७

चिंचपोकळी फास्ट, तुमचं आयडी बदलून 'दिल्ली राजधानी' करा. 😄

ओहायोची वैनी

एकदाच झालेल्या स्पर्धांवरून आठवलं. आमच्या कोलंबसच्या शेजारी डब्लिन गाव, तिथे गोल्फर जॅक निकलसने बांधलेलं म्युअरफील्ड व्हिलेज हे कोर्स. दरवर्षी मेमोरियल स्पर्धा होते. पण २०२० च्या जुलैत त्याच कोर्सवर लागोपाठ दोन आठवडे दोन स्पर्धा झाल्या. कोविडमुळे इलिनॉयची जॉन डियर क्लासिक रद्द झाली, त्या रिकाम्या आठवड्यात वर्कडे चॅरिटी ओपन नावाची एकदाच भरवायची स्पर्धा घुसवली. कॉलिन मोरिकावाने जस्टिन थॉमसला प्लेऑफच्या, म्हणजे बरोबरी झाल्यावर खेळायच्या जादा होलांपैकी, तिसऱ्या होलवर हरवलं. पुढच्या आठवड्यात तिथेच मेमोरियल, आणि जॉन राम जिंकला.

प्रेक्षक अजिबात नाहीत. एरवी मेमोरियलच्या आठवड्यात आमच्या रस्त्यावर गाड्या लावायला जागा नसते, आणि शेजारी अंगणात गाडी लावू द्यायचे पैसे घेतात. त्या वर्षी त्याच रस्त्यावर हरणं फिरत होती. टीव्हीवर थॉमसने पहिल्या जादा होलवर पन्नास फुटांचा पट घातला, आणि टाळ्याच नाहीत. मग मोरिकावानेही आपला घातला, आणि परत शांतता. आमच्याकडे मात्र ह्यांनी असा आरडाओरडा केला की वरच्या मजल्यावर झोपलेलं बाळ उठलं.

पण ती स्पर्धा संपली तशी कुणाला आठवतही नाही. मोरिकावाला तिची गरजच नव्हती, महिन्याभरात त्याने पीजीए चॅम्पियनशिप जिंकली. तेव्हा लोधीरोडकर म्हणतात ते मला पटतं. एकदाच झालेली स्पर्धा कुणाला मिळते यावर सगळं.

खवचट काका

२०१८ ला लास वेगासला टायगर आणि फिल मिकलसन एकमेकांशी खेळले होते, ९० लाख डॉलर, जिंकेल त्याला सगळे. ते आठवतं. वीस डॉलर भरून टीव्हीवर बघायचं होतं, आणि ऐन वेळी पैसे घेणारी यंत्रणाच बसली. शेवटी सगळ्यांना फुकट दाखवलं, आणि ज्यांनी भरले होते त्यांचे परत. फिल बाविसाव्या होलवर जिंकला. दोन कोट्यधीश तिसऱ्याच्या पैशावर पैज लावतात, त्यापेक्षा आमच्या गल्लीतली पत्त्यांची बैठक बरी. तिथे हरणारा निदान स्वत:चे हरतो.

बॅगवाला

खूप वर्षं इथे वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

चिंचपोकळी फास्ट यांनी विचारलं बाकीचे कॅडी कुठे आहेत. मी एक आहे. महाराष्ट्रातल्या एका शहरातल्या कोर्सवर मी अकराव्या वर्षापासून बॅगा उचलल्या. कोर्सचं नाव राहू दे. आता माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे.

सुरुवात 'आगेवाला' म्हणून. म्हणजे पुढे जाऊन उभं राहायचं, साहेबाचा चेंडू कुठे पडला ते बघायचं. झुडपात गेला तर शोधून काढायचा. चेंडू हरवला की बोलणी आपल्याला, मारला कुणीही असो. मग मोठं झाल्यावर बॅग. अठरा होल म्हणजे सहा-सात किलोमीटर, खांद्यावर बारा-पंधरा किलो. पैसे फेरीवर. पावसाळ्यात कोर्स बंद म्हणजे चूल बंद. पगार, रजा, विमा वगैरे शब्द आमच्यासाठी नव्हते.

पण लोकांना एक कळत नाही. कॅडीला खेळ येतो. चांगला येतो. साहेबाला आपण सांगतो, 'सर, सात नंबर, डावीकडे ठेवा, ग्रीन उजवीकडे उतरतंय.' साहेब उजवीकडे मारतो, आणि मग आपल्याकडे बघतो. पंधरा वर्षं रोज हे केलं की जमिनीचा उतार चपलेतून कळतो. सोमवारी कोर्स सभासदांना बंद, त्या दिवशी आम्हाला खेळायला मिळायचं. चार जणांत एक सेट. एकाने मारलं की क्लब पुढच्याकडे. चौरसिया ड्रायव्हरपेक्षा चिप चांगली का मारतो, याचं तज्ज्ञ लोक काहीही सांगोत, आम्हाला माहीत आहे. एक जुनी वेज, म्हणजे जवळच्या फटक्याची काठी, आणि शेडच्या मागची दहा फूट जागा असली की चिप शिकता येते. ड्रायव्हरला नवा क्लब लागतो, चेंडूंची बादली लागते, सरावाची रेंज लागते. त्याचे पैसे लागतात.

त्या रविवारी २००८ ला मी कोर्सवर होतो. वय चोवीस. तेव्हा आठवडाभर दुसरीकडे कामाला जायचो आणि शनिवार-रविवार बॅग. दुपारी सभासदांच्या बारमध्ये टीव्ही चालू होता. आम्हाला आत जायची मुभा नाही. बारच्या खिडकीबाहेर आम्ही वीस-पंचवीस जण उभे. आतल्या वेटरने गुपचूप टीव्हीचं तोंड थोडं खिडकीकडे फिरवलं. आवाज ऐकू येत नव्हता. तरी काही अडत नव्हतं, पट कुठे वळणार ते दिसतंच. शेवटच्या ग्रीनवर तो पोचला तेव्हा आमच्यातला एक म्हातारा, त्याला सगळे मामा म्हणायचे, त्याने टोपी काढून हातात धरली होती. सूर्य डोळ्यावर येत होता तरी घातली नाही.

चौरसिया जिंकल्यावर आत कुणीतरी सभासद बाहेर येऊन म्हणाले, 'काय, तुमचा माणूस जिंकला.' चांगल्या मनाने म्हणाले. मामा म्हणाले, 'हो साहेब.' मग ते साहेब म्हणाले, 'चला, नऊ होल मारू,' आणि आम्ही बॅगा उचलल्या.

मृण्मयी_१७

...

काय लिहू कळत नाहीये.

चिंचपोकळी फास्ट

बॅगवाला, तुम्ही लिहिलंत बरं झालं. माझ्या पहिल्या प्रतिसादात मी तुमच्या वतीने बोलत होतो, तो आगाऊपणा झाला.

सह्याद्रीचा पाहुणा

मी माझा 'चारही भारतात' हा मुद्दा मागे घेत नाही, पण जरा बाजूला ठेवतो. नंतर शोधाशोध केली. २०१३ ला इंडियन ओपनमध्ये एका फटक्याने दुसरा, बांगलादेशचा सिद्दिकुर रहमान जिंकला. २०१५ ला प्लेऑफमध्ये हरला, अनिर्बन लाहिरीकडून. (लाहिरीचा जन्म पुण्याचा, हे पुणेकरांनी अजून कसं सांगितलं नाही?) मग २०१६ ला जिंकला, लाहिरीलाच मागे टाकून. २०१७ ला सात फटक्यांनी. मध्ये रिओ ऑलिंपिकही खेळून आला. चिवट आहे गडी.

खवचट काका

पुणेकर वाट बघत होते की कुणीतरी विचारेल. टोक्योला गेलेला उदयन मानेही आमचाच, तेही लिहून ठेवा.

आयपीओग्रस्त

@बॅगवाला, एक विचारू? त्या काळात तुमच्या कोर्सवर बांधकामवाले सभासद खूप असतील ना? २००८ नंतर फरक जाणवला का?

बॅगवाला

जाणवला. बक्षिशीवरून. २००७ मध्ये फेरी झाल्यावर कुणी कुणी पाचशेची नोट द्यायचे, मागेपुढे न बघता. त्या दिवाळीनंतर तेच साहेब सुट्टे शोधायला लागले. आणि फोन. आधी फोनवर बोलताना मोठ्याने हसायचे, मग फोन आला की झाडाखाली जाऊन हळू बोलायचे. आमच्यात म्हणायचे, साहेब झाडाखाली गेले की आज बक्षिशी नाही.

लोधीरोडकर

@बॅगवाला, मी रविवारी दोरीच्या आतल्या माणसाकडे बघत होतो. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर आठवलं, त्याच्या शेजारी बॅग घेऊन चालणाराही एक जण होता. त्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न करतोय कालपासून. येत नाही.

तुम्ही पुढे का खेळला नाहीत, असं विचारणं बरोबर नाही, उत्तर तुमच्या प्रतिसादातच आहे. पण काही ठेवलंय का त्यातलं?

बॅगवाला

प्रोच्या चाचणीला एकदा बसलो होतो. दोन दिवस चांगला खेळलो. तिसऱ्या दिवशीसाठी लॉजचं भाडं कमी पडलं, बसस्टँडवर झोपलो, सकाळी पाठ धरली. पाच फटक्यांनी गेलं. कुणाचा दोष नाही.

एक पाच नंबरचं आयर्न आहे. एका साहेबांनी रागाने झाडावर आपटून वाकवलं आणि म्हणाले, 'फेकून दे.' मी सरळ करून घेतलं लोहाराकडून. पूर्ण सरळ नाही झालं, चेंडू थोडा उजवीकडे जातो. ते धरून मारायची सवय झाली होती. आता दुकानाचं शटर वरून अडकतं, ते खाली ओढायला वापरतो.

मृण्मयी_१७

उजवीकडून की डावीकडून ओढता?

बॅगवाला

😄 डावीकडून, ताई.